परक्या घरची शेगडी

२४ ऑगस्ट, रविवार

चिन्मयने शेगडी आणली. मला न विचारता. ऑटोच्या मागच्या सीटवर, पोत्यात गुंडाळून. त्याच्या ऑफिसातला विहंग भोपाळला बदलून गेला आणि जाताना ही ह्याला देऊन गेला. स्टीलची, तीन बर्नरची. माझ्या बायकोची, उषाची, शेगडी खालून गंजली होती, एक पाय गळून पडला होता, हे खरं. पण तो गंज आपला होता.

ओट्यावर ठेवू दिली नाही. मागच्या अंगणात उलटी करून पाहिली. बर्नरभोवती काळा, जाड थर. कडेला वाळलेला रस्सा. त्यात एक लांब केस.

मी एकतीस वर्षं खाद्य निरीक्षक होतो. शेकडो भटारखाने पाहिले. डब्याचं झाकण उघडायच्या आधी आतलं तेल किती दिवसांचं आहे ते सांगायचो. माझं नाक कधी चुकलं नाही. पण तिथली घाण तिथेच ठेवून मी घरी येत असे. आता ती घरी आली आहे.

"विहंगकडे अंडी होतात का?" मी विचारलं.

"बाबा, चूल्हा आहे तो," चिन्मय म्हणाला. "त्याला काय कळतं, अंडं कोणतं नि बटाटा कोणता."

अंबिका हसली. माझ्या सुनेला हसू लवकर येतं.

२५ ऑगस्ट

चिन्मयने शेगडी जोडली. नळी नवी आणली, नारिंगी. रेग्युलेटरपाशी आणि शेगडीपाशी, दोन्ही टोकांना साबणाचा फेस लावला. एकही बुडबुडा फुगला नाही. मी वाकून पाहत होतो. गॅस कुठूनही निसटत नाही, हे मी स्वतः पाहिलेलं आहे.

ज्योत मात्र पिवळी. दुधाचं पातेलं बुडाशी काळं झालं.

"एजन्सीच्या मिस्त्रीला बुलवू या का?" अंबिका म्हणाली. "एकदा नीट खोलून बघेल."

मिस्त्रींची नखं कशी असतात ते मला माहीत आहे. म्हटलं, मी करतो.

२६ ऑगस्ट

बर्नर उकळत्या पाण्यात धुण्याचा सोडा घालून दोन तास बुडवले. एकेक भोक सुईने कोरलं. आतून जे निघालं ते लिहावंसं वाटत नाही. तरी लिहितो. तपकिरी, ओलसर, कानातल्या मळासारखं. हे त्या लोकांनी वर्षानुवर्षं आपल्या अन्नाखाली जाळलं.

ज्योत निळी झाली. उद्या गणपती. मोदक निळ्या ज्योतीवर होतील.

"वा, बाबा," चिन्मय म्हणाला. मिस्त्रीचं नाव पुन्हा निघालं नाही.

३० ऑगस्ट

मधल्या बर्नरचा नॉब कडक फिरतो. उद्या गौरी यायच्या. आधी रेग्युलेटर बंद केला, मी निष्काळजी माणूस नाही. मग नॉब काढला, मागचे दोन स्क्रू काढले. आत पितळेचा निमुळता तुकडा असतो, त्याला कॉक म्हणतात. तो ओढून बाहेर काढला.

त्याच्या सर्वांगाला चरबी होती. पिवळट, तपकिरी, चिकट. तूप थिजतं, तेल वाहतं. हे दोन्ही करत नव्हतं. बोटाला लागलं ते सुटेना. इतक्या आत, जिथे कुणाचा हात जात नाही, तिथे त्या घराचं जेवण जाऊन बसलं होतं. मला पहिल्यांदा मटण आठवलं.

अंबिका दारातून म्हणाली, "बाबा, आतलं नका खोलू. ते जसं आहे तसं असू द्या."

घाण जशी आहे तशी असू द्यावी असं वाटणारी माणसं मी एकतीस वर्षं पाहिली.

तिन्ही कॉक काढले. सायकलच्या साखळीसाठी ठेवलेलं रॉकेल होतं, त्याने पुसले. मग सोडा, मग गरम पाणी, मग कोरडा पंचा. पितळ दागिन्यासारखं लखलखलं. आता नॉब एका बोटाने फिरतात. हात चार वेळा धुतले.

३ सप्टेंबर

गौरी काल गेल्या. घर रिकामं वाटत असतानाच वास आला.

सकाळी देवपूजेसाठी ताम्हण घासायला खाली बसलो होतो. लसूण. ताजा नव्हे, शिळा, कुजत आलेला. आमच्याकडे आषाढीपासून कार्तिकीपर्यंत कांदा-लसूण बंद असतो. उषाने चौतीस वर्षं पाळलं. अंबिका देवासची, तिच्या माहेरी असलं काही नाही. लग्न ठरताना मी स्पष्ट विचारलं होतं. ती हो म्हणाली होती.

"वास येतोय?" मी तिला विचारलं.

ती पोळी लाटत होती. लाटणं क्षणभर थांबलं. "कसला?"

निरपराध माणूस असा थांबत नाही.

५ सप्टेंबर

दोन दिवस नोंद ठेवली. सकाळी सहाला ती रेग्युलेटर उघडते आणि शाळेत शिकवायला जाताना न्यायचा डबा करायला लागते. तेव्हा वास नसतो. साडेसातला डबा होतो, आठला मी पूजेचं ताम्हण घासायला बसतो, तेव्हा असतो. जेवण झालं की मी उषाच्या सवयीप्रमाणे रेग्युलेटर बंद करतो. दुपारी वास नाही. ती घरात नसते, वासही नसतो.

उभ्याने जवळजवळ येत नाही. बसलं की येतो. म्हणजे ती जे काही लपवते ते ओट्याखाली लपवते. कपाट रिकामं केलं. मैद्याचा डबा, जुने कागद, एक मेलेलं झुरळ.

गॅस नव्हे. फेसाची परीक्षा झालेली आहे. शिवाय गॅसचा वास मला माहीत आहे, तो घशाला लागतो. हा जमिनीवर लोळतो.

संध्याकाळी दूध करपलं. अंबिका पातेल्यापासून दोन हातांवर, फोन बघत. मी पुढच्या खोलीतून उठून आलो तेव्हा तिला कळलं. इतकी बेफिकिरी मी हॉटेलातसुद्धा पाहिली नाही.

७ सप्टेंबर, रविवार

आज ती उशिरा उठली. वासही उशिरा आला.

चिन्मयला सांगितलं. तो इतर दिवशी सहाच्या आत इंदूरच्या बसला लागतो आणि रविवारी दहापर्यंत झोपतो. त्याला काहीच माहीत नाही.

"अंबिका नाही करणार असं," तो म्हणाला.

"मग वास कसला?"

"तुम्हीच सांगा. नाक तुमचं आहे." काही बोलायला म्हणून त्याने तोंड उघडलं, मग बायकोकडे पाहिलं आणि मिटलं. दोघांत काहीतरी आहे. मला न सांगण्याजोगं.

८ सप्टेंबर

पितृपक्ष लागला. इंदूरला मीनाताईला फोन केला. माझी थोरली बहीण. मी फक्त वासाचं सांगितलं, बाकीचं तिने स्वतः जुळवलं. "जयंता, श्राद्धाच्या घरात लसूण? उषा असती तर हिंमत झाली असती का?" नवरात्रात अष्टमीला ती येणार आहे. तोवर अर्ध्या इंदूरला कळेल. मी अडवलं नाही.

१० सप्टेंबर

अंबिका आंघोळीला गेली तेव्हा तिचा डबा उघडला. पोळी आणि पत्ताकोबी. कोबीलाही वास असतो, पण हा नव्हे. नाक डब्यात घालून वास घेत होतो तेव्हा ती बाहेर आली. केस ओले होते.

"उघडलाच आहे तर पोळ्या पुरतील का तेही बघून सांगा, बाबा."

झाकण मी लावलं. हाताला कोबीचा ओलसर वास राहिला. दुसऱ्याच्या उष्ट्याला हात लावल्यासारखं वाटत राहिलं, आणि ते उष्टं नव्हतं.

१४ सप्टेंबर

उद्या उषाचं श्राद्ध. दुपारी शेगडी पुन्हा सोडवली. तिन्ही कॉक पुन्हा काढले, जी काही पुसटशी चिकटाई खोबणीत उरली होती तीही काडीला कापूस गुंडाळून काढली. आता त्या लोकांचं ह्या शेगडीत काही नाही.

अंबिकाला सांगितलं, उद्या स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही. मी एकटा करीन.

"बरं."

थोड्या वेळाने परत आली. "नवरात्रात मी देवासला जाऊ का? दहा दिवस?"

"जा."

ती उभीच राहिली. "दहा दिवसांनी परत येऊ ना?"

मी उद्याचा पाट पुसायला घेतला.

१५ सप्टेंबर, अविधवा नवमी

नवरा मागे ठेवून गेलेल्या बाईचं श्राद्ध ह्या तिथीला करतात. पाचला आंघोळ केली, सोवळं नेसलो. वाऱ्याने समई राहत नाही म्हणून स्वयंपाकघराची खिडकी लावून घेतली. दारं लोटली. रेग्युलेटर उघडला. रोजचं देवघर भिंतीवर छातीच्या उंचीला आहे, आजचं सगळं जमिनीवर. ओट्याशेजारी पाट, पाटावर उषाचा फोटो, पुढे समई. मग तांदूळ धुतले, भोपळा चिरला, वड्यांची डाळ वाटली. आधी समई, मग शेगडी, हा उषाचा नियम. सहा वाजत आले होते. काडेपेटी घेऊन पाटासमोर बसलो.

वास तोंडावर आला. नासक्या अन्नाचं पातेलं कुणी समोर धरावं तसा. उषाच्या फोटोपुढे. काडी हातात काढलेली होती. ह्या वासात समई लावायची नाही असं ठरवलं, काडी पेटीत परत घातली, पेटी मुठीत घेऊन उठलो आणि दार उघडलं.

अंबिका बाहेर फुलांची परडी घेऊन उभी होती.

"रात्री काय शिजवलंस?"

"काही नाही."

"आज तरी खोटं बोलू नकोस. तिच्या फोटोपुढे लसणाचा वास आहे."

तिने परडी खाली ठेवली.

"बाबा, मला वासच येत नाही."

मी म्हणालो, असं कसं.

"करोनात गेला. लग्नाच्या आधी. परत आलाच नाही. लसूण, अत्तर, करपलेलं दूध, मला सगळं सारखं. चोरून लसूण खाऊ कशाला? मला तो लागतसुद्धा नाही. तुम्ही पहिल्या भेटीत माझे पोहे हुंगून तेल कोणतं ते सांगितलंत. तेव्हापासून तुम्हाला सांगायची हिंमत नाही झाली." मग ती थांबली. माझ्या मागे, जमिनीकडे तिची नजर गेली. "वास उभ्याने येतो की बसल्यावर?"

"बसल्यावर."

"रेग्युलेटर कधी उघडलात?"

"पाचला."

तिने माझी मूठ पाहिली.

ती आत शिरली आणि माझं मनगट धरलं. लिहितो, कारण हेच झालं: त्या क्षणी माझ्या मनात एवढंच आलं की हिने मला सोवळ्यात शिवलं. काडेपेटी हिसकावून तिने पुढच्या खोलीपार फेकली. रेग्युलेटर बंद केला. खिडकी उघडली, अंगणाचं दार उघडलं. "चिन्मय, कोणतंच बटण दाबू नको. पंखा नको, लाईट नको. तसाच बाहेर ये." स्वयंपाकघरातला बल्ब लागलेला होता, तो तसाच ठेवला.

आम्ही तिघं अंगणात उभे राहिलो.

"गॅस हवेपेक्षा जड असतो," अंबिका म्हणाली. "खाली साठतो. सातवीच्या मुलांना शिकवते मी हे." तिने स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. "रोज सकाळी दीड-दोन तास मी त्यातच उभी होते."

नऊला एजन्सीचा मिस्त्री आला. पन्नाशीचा, दाट मिशांचा. नखं स्वच्छ होती. नळीला फेस लावला, काही नाही. नॉब काढून मागे फेस लावला. तिन्ही ठिकाणी बुडबुडे मोठे होत गेले. त्याने एक कॉक काढला आणि उजेडात धरला.

"बाबूजी, इसका ग्रीस कहाँ गया?"

त्याने उरलेले दोनही काढून पाहिले.

"ग्रीस ही तो गैस को रोकता है. ये तीनों सूखे पड़े हैं. किसी ने धो-पोंछ के चमका दिए." तो हसला. "मंदिर का बर्तन समझ लिया होगा."

"पुरानी है," मी म्हणालो. "किसी और के घर की है."

"पुराना तो बढ़िया है. जिनका था, सँभाल के रखा था. देखिए, ग्रीस का निशान. साल-छह महीने पहले ही भरवाया होगा."

अंबिका मला घासताना पाहत होती, गौरींच्या आदल्या दिवशीही आणि कालही. ती आता मिस्त्रीसाठी पाणी आणायला गेली.

त्याने पिशवीतून डबी काढली. पिवळट, तपकिरी, चिकट. मी ती हातात मागितली आणि हुंगली. कसलाच वास नव्हता.

श्राद्धाचा स्वयंपाक अंबिकाने केला. गुरुजी बाराला आले. जेवताना म्हणाले, खीर छान झाली आहे. मी पान संपवलं.

१७ सप्टेंबर

मीनाताईचा फोन.

"काय रे, वास येतो का अजून?"

"नाही. बंद झाला."

"म्हणजे सोडला तिने?"

मला सांगता आलं असतं. चार वाक्यांचं काम होतं. रॉकेल, कॉक, मिस्त्री, काडेपेटी. मला त्या डबीतला चिकट गोळा दिसला आणि त्यावर माझं बोट.

"हो," मी म्हणालो.

"बघ. आपण बोललो नसतो तर?"

फोन ठेवून वळलो. अंबिका वाळलेले कपडे घेऊन दारात उभी होती. तिने माझा पंचा वेगळा काढला, घडी केली, खुर्चीवर ठेवला.

"चहा ठेवू?" म्हणाली.

आतून नॉब फिरल्याचा आवाज आला. आता तो पुन्हा थोडा कडक फिरतो.

२० सप्टेंबर

शेगडीला हात लावायची मला बंदी आहे. कुणी तसं म्हटलेलं नाही. सोडा आणि रॉकेलची बाटली जागेवर नाहीत.

चिन्मयने विचारलं, अंबिका देवासला कधी निघणार. ती म्हणाली, "जात नाही. बाबांना नि शेगडीला एकटं सोडून?" चिन्मय हसला. मीही हसायला हवं होतं.

हात धुताना नखाखाली पिवळं दिसतं. ते हळदीचं आहे. तरी घासतो.

२२ सप्टेंबर, घटस्थापना

घट नेहमीच्या जागी, ओट्याशेजारच्या कोपऱ्यात, जमिनीवर. अखंड दिवा नऊ दिवस तिथेच राहणार. मी म्हणालो, यंदा पुढच्या खोलीत मांडू.

"जागा बदलायची नाही," अंबिका म्हणाली. "बघून घेऊ."

तिने रेग्युलेटर बंद आहे ना ते पाहिलं. मग उघडला. तिन्ही नॉबमागे, नळीच्या दोन्ही टोकांना फेस लावला आणि वाट पाहिली. काही फुगलं नाही. खिडकी उघडी होती. तिने हात पुसले आणि काडेपेटी घेतली.

"फेस लावला तिथलंच फेस सांगतो," ती म्हणाली. "बाकीचं तुम्ही बघा."

मी गुडघ्यांवर बसलो, मग हात टेकले, मग नाक फरशीपाशी नेलं. ओट्याखाली, सिलिंडरमागे, घटाच्या मातीजवळ. ओली माती, झेंडू, फिनाइल. माझ्या स्वतःच्या घामाचा आंबूस वास.

"येतोय?"

"नाही."

तिने काडी ओढली नाही. "नीट बघा, बाबा. मला कळणार नाही."

पुन्हा वाकलो. तिची पावलं माझ्या तोंडासमोर होती. ती उभी होती, मी काय सांगतो त्याची वाट बघत. पाच दिवसांपूर्वी ह्याच माणसाने फोनवर हो म्हटलेलं तिने ऐकलं होतं. दुसरं नाक तिच्याकडे नव्हतं.

"नाही," मी म्हणालो. "वास नाही."

तिने खाली बसून काडी ओढली. वात आधी तडतडली, मग धरली.

उठून पुढच्या खोलीत आलो. फोनवर मीनाताईचं नाव शोधलं. दार उघडंच ठेवलं.

"ताई, अंबिकाने लसूण आणलाच नव्हता."

"मग वास कसला होता?"

आत ती घटाला पाणी घालत होती. आवाज थांबला.

मी सांगायला लागलो, शेगडी आली त्या रविवारपासून.